चहा पिताना बोलण्याच्या व्हॉल्व्हमधून गळतंय, नागपुरातच बदलता येईल का?

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी. वडिलांचं (६३) स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी पूर्ण लॅरिंजेक्टॉमीचं (स्वरयंत्र काढून टाकण्याचं) ऑपरेशन मुंबईला झालं. त्याच वेळी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत भोक पाडून बोलण्याचा व्हॉल्व्हही बसवला. कार्डावर लिहिलंय: प्रोव्हॉक्स वेगा, जाडी २२.५ फ्रेंच, लांबी १० मि.मी. पुढचं रेडिएशन नागपुरात झालं, ते संपून चार महिने होत आले. व्हॉल्व्ह पहिलाच आहे, अजून बदललेला नाही.

आठवड्याभरापासून चहा-पाणी घेतलं की लगेच खोकला येतो आणि स्टोमातून (गळ्यावरच्या श्वासाच्या छिद्रातून) चहाच्या रंगाचा कफ पडतो. पोळी-भाजी, खिचडी खाताना काही त्रास नाही. आवाज येतो, पण जोर लावावा लागतो. दोन-तीन शब्दांतच दम संपतो.

व्हॉल्व्ह बाद झाला असं धरायचं का? दर वेळी विदर्भ एक्सप्रेस पकडून मुंबई गाठायची की इथे कुणी बदलून देतं? आणि रात्री-बेरात्री तो निघून पडला तर काय करायचं? हा शेवटचा प्रश्न आई रोज विचारते.

धरमपेठची_वाचाताई

तिकीट काढायच्या आधी एक पेला रंगीत पाणी घ्या.

गळती दोन जागांवरून होते. एक व्हॉल्व्हच्या मधून, म्हणजे आतली झडप नीट मिटत नाही. दुसरी व्हॉल्व्हच्या बाजूने, म्हणजे झडप ठणठणीत आहे पण व्हॉल्व्ह आणि भोकाची भिंत यांच्यात फट पडली आहे. मधून गळत असेल तर नवा व्हॉल्व्ह घातला की बहुतेक वेळा काम होतं. बाजूने गळत असताना त्याच मापाचा नवा व्हॉल्व्ह घातला तर पैसे जातात आणि गळती जिथल्या तिथे राहते. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह लीक होतोय’ एवढंच सांगून कुठेही जाऊ नका. कुठून लीक होतोय ते सांगा.

तपासायचं असं. वडिलांना खिडकीकडे तोंड करून ताठ बसवा. स्टोमावरचा फिल्टर काढा, आत सिलिकॉनची नळी असेल तर तीही काढा. आधी व्हॉल्व्ह ब्रशने साफ करून घ्या, कारण झडपेत भाताचं शीत अडकलं असलं तरी ती उघडी राहते आणि चांगला व्हॉल्व्ह उगाच बदनाम होतो. मग पिण्याच्या पाण्यात खायचा हिरवा किंवा निळा रंग चिमूटभर टाका. लाल नको, रक्ताशी गल्लत होते. पिवळा कफात दिसत नाही. दूध किंवा सरबत घेऊ नका, फुप्फुसात उतरलं तर साध्या पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं. मोबाइलचा टॉर्च स्टोमावर धरा, छोटा घोट तोंडात घ्यायला सांगा, तुमची नजर व्हॉल्व्हवर बसली की मग गिळायला सांगा. पहिला थेंब कुठे उमटतो तेवढंच पाहायचं. खोकला आला की सगळीकडे रंग पसरतो, मग काही कळत नाही, म्हणून पहिले काही सेकंदच कामाचे. कफ पुसून तीन-चार वेळा करा आणि व्हिडिओ काढून ठेवा. ओपीडीत तो व्हिडिओ पाच मिनिटांच्या वर्णनापेक्षा उपयोगी पडतो.

हे पाहतानाच आणखी एक गोष्ट बघा: गिळताना व्हॉल्व्ह जागच्या जागी राहतो की पुढे-मागे सरकतो?

तोवर पातळ पदार्थ दाटसर करून द्या. अंबील, भाताची पेज, घट्ट सूप चालेल. चहा काही दिवस घोट-घोट. ताप, कफ वाढणं, धाप लागणं यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. गळती चालू ठेवून दिवस काढले की न्यूमोनिया होतो, आणि रेडिएशन झालेल्या माणसाला तो जड जातो.

स्टोमा_सिस्टर

ताईंनी सांगितलं त्यात एवढंच जोडते. व्हॉल्व्हच्या मधे बसणारा प्लग वेगळा मिळतो. मधून गळत असेल तर जेवताना-पिताना तो लावून ठेवायचा, जेवण झालं की काढायचा. प्लग असताना बोलता येत नाही, पण श्वासाला काही अडचण नाही कारण श्वास स्टोमातूनच चालतो. बाजूने गळत असेल तर प्लगचा काडीचाही उपयोग नाही. लोक प्लग विकत आणतात अन् मग म्हणतात गळणं थांबत काहून नाही. आधी रंगाची परीक्षा करा, मग खरेदी.

मानेवाडा_रोड

ताई, आज केलं. निळा रंग वापरला. तिन्ही वेळा थेंब खालच्या कडेने आला, मधलं भोक कोरडं होतं. आणि हो, गिळताना व्हॉल्व्ह स्पष्ट सरकतो, थोडा बाहेर येतो आणि परत जातो. ताप नाही.

डॉ_हेडनेक

कडेने गळती, व्हॉल्व्ह पिस्टनसारखा हलतोय, ऑपरेशनच्या वेळचाच १० मि.मी.चा पहिला व्हॉल्व्ह. पहिला संशय एकच: व्हॉल्व्ह आता लांब पडतोय.

कारण साधं आहे. व्हॉल्व्ह श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत बसतो. ऑपरेशनच्या दिवशी ती भिंत सुजलेली असते, म्हणून माप मुद्दाम थोडं लांब घेतात. पुढच्या आठवड्यांत सूज उतरते, भिंत पातळ होते. व्हॉल्व्हच्या दोन चकत्या, एक श्वासनलिकेत आणि एक अन्ननलिकेत, भिंतीला दोन्हीकडून अलगद टेकलेल्या असायला हव्यात. भिंत ६ किंवा ८ मि.मी. झाली आणि व्हॉल्व्ह १० चाच राहिला की चकत्या टेकत नाहीत, प्रत्येक घोटाला व्हॉल्व्ह पुढे-मागे घासतो, भोक रुंद होत जातं आणि पाणी कडेने उतरतं. उपाय: माप घेऊन आखूड व्हॉल्व्ह. वेगामध्ये ४, ६, ८, १०, १२.५ आणि १५ मि.मी. अशा लांब्या येतात.

यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, कडेने गळतंय म्हणून जास्त जाडीचा व्हॉल्व्ह घालायचा. तर्काला पटतं, पण भोक ताणलं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत गळती आणखी मोठी होऊन परत येते. २२.५ फ्रेंच म्हणजे साडेसात मि.मी.; तुमच्याकडे आधीच सर्वांत जाड आहे. दुसरी चूक उलट दिशेची, फार आखूड घालायची. मग चकत्या भिंतीत रुतून बसतात, कडेने मांस वाढतं, अन्ननलिकेच्या बाजूची चकती झाकली जाते आणि आवाज एकदम बंद होतो. दुखणं, रक्ताचे ठिपके आणि व्हॉल्व्ह खोल गेल्यासारखा दिसणं या त्याच्या खुणा.

माप बरोबर असूनही कडेने गळत राहिलं तर भोकच सैल झालंय. रेडिएशननंतर असं होऊ शकतं. तेव्हा श्वासनलिकेच्या किंवा अन्ननलिकेच्या बाजूला पातळ सिलिकॉनची वॉशर चढवतात, किंवा मोठ्या चकतीचा व्हॉल्व्ह वापरतात. तेही पुरलं नाही तर भोकाभोवती टाका, किंवा व्हॉल्व्ह काही दिवस काढून भोक आकसू द्यायचं. त्या काळात पोषण नाकातल्या नळीने. क्वचित शस्त्रक्रिया करून भोक बंदच करावं लागतं.

पण हे सगळं करण्याआधी रक्ताची टीएसएच (थायरॉइडची) तपासणी करा. ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा थायरॉइडचा भाग गेलेला असतो, उरलेल्यावर रेडिएशन पडतं, आणि थायरॉइड कमी झालं की जखमा भरत नाहीत. सोबत हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन आणि साखर. आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर तोही इलाज आधी. आणि भोक कारण नसताना वाढत असेल तर कॅन्सर परत आलेला नाही ना, हे डॉक्टरने दुर्बिणीने पाहिलंच पाहिजे. हे न बघता नुसत्या वॉशर चढवत बसू नये.

मुंबईला जायची गरज बहुधा नाही. व्हॉल्व्ह बदलणं हे ओपीडीतलं काम आहे, भूल लागत नाही. मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), मिहानचं एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल यांच्या कान-नाक-घसा किंवा हेड-नेक ओपीडीत फोन करून विचारा: व्हॉल्व्ह बदलण्याचा वार कोणता, माप घ्यायचा साइझर आहे का, आणि ६ व ८ मि.मी. दोन्ही लांब्या त्या दिवशी हाताशी असतील का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एकच माप मागवून ठेवलेल्या जागी गेलात तर तेच घातलं जाईल.

मानेवाडा_रोड

डॉक्टरसाहेब, बदलताना नक्की काय करतात? वडील घाबरलेत. गळ्यात काहीतरी ओढून काढणार असं त्यांना वाटतंय.

डॉ_हेडनेक

ओढतातच, पण सिलिकॉन मऊ असतं, दुमडून येतं. खुर्चीत बसवून स्टोमाच्या मागच्या भिंतीवर बधिरतेचा स्प्रे मारतात. पुढची चकती चिमट्याने घट्ट धरून व्हॉल्व्ह काढतात. थोडं रक्त येऊ शकतं. लगेच भोकात डायलेटर (भोक उघडं ठेवणारी निमुळती दांडी) घालून काही मिनिटं ठेवतात, कारण भोक लगेच आकसायला लागतं आणि त्यातून लाळ श्वासनलिकेत उतरते. मग साइझरने भिंतीची जाडी मोजतात. नवा व्हॉल्व्ह आपल्या नळीत दुमडून भोकातून आत ढकलला की मागची चकती अन्ननलिकेत उघडते. तो गोल फिरवून बघतात. सहज फिरला तर दोन्ही चकत्या जागेवर आहेत. शेवटी पाण्याचा घोट, ‘आ’, आणि नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत त्याला धरून ठेवणारी सुरक्षेची पट्टी कापणं. पट्टी घाईने कापू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. सकाळी हलकं खाऊन या, पोट भरलेलं नको.

खर्रा_सोडलेला

भाऊ, सगळे व्हॉल्व्हवरच बोलून राहिले. एप्रिल लागला, थोडं हवेबद्दल बोला नं.

नाकाने श्वास घेताना हवा गरम-गार, ओली होऊन आणि गाळून आत जाते. आता ती थेट नळीत जाते. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास आणि हवेत ओल नाही, त्यामुळे कफ वाळून खपल्या धरतो. ती खपली व्हॉल्व्हच्या तोंडावर बसली तर आवाज बंद, आणि नळीत बसली तर श्वास कोंडतो. म्हणून फिल्टर, ज्याला एचएमई म्हणतात, तो दिवसरात्र लावा. निदान २४ तासांत एकदा बदलायचा, कफ लागून जड झाला तर आधीच. धुऊन परत लावू नका. त्याच्या स्पंजमध्ये ओल धरणारं मीठ मुरवलेलं असतं, धुतलं की ते वाहून जातं आणि उरतो नुसता स्पंज. महाग पडतो म्हणून लोक धुतात, ठाऊक आहे. परवडत नसेल तर धुतलेल्यापेक्षा दुपदरी मलमलचा ओला करून पिळलेला रुमाल बरा.

कूलर चांगला. हवेत ओल घालतो, ते आपल्याला हवंच. पण झोत सरळ गळ्यावर घेऊ नका आणि टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासा, साचलेल्या पाण्याचा वास थेट फुप्फुसात नको. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, तिथे फिल्टर हवाच. घराबाहेर धूळ, गव्हाचं पीठ चाळणं, होळीचा रंग, फटाक्यांचा धूर, सगळ्याला रुमाल. आंघोळ मग्याने, पाणी गळ्याच्या खालूनच. विहिरीत-तलावात उतरणं बंद.

कफ घट्ट झाला तर नॉर्मल सलाईनचं नेब्युलायझर गळ्याच्या मास्कने घ्या, तोंडाच्या मास्कने काही पोहोचणार नाही. दुकानदार तोंडाचा मास्क देतो, बघून घ्या.

स्टोमा_सिस्टर

आता सफाई, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

ब्रश दिवसातून दोनदा, शिवाय प्रत्येक जेवणानंतर. ब्रश फक्त पिण्याच्या पाण्यात बुडवा, साबण-डेटॉल-ग्लिसरिन काही नाही. व्हॉल्व्हच्या भोकात सरळ घालून हलक्या हाताने पुढे-मागे करत फिरवा, बाहेर काढा, पुसा, परत घाला, ब्रश कोरा येईपर्यंत. मग फ्लश पिचकारी: तोंड व्हॉल्व्हवर नीट टेकवा, पाणी हळू सोडा. नीट टेकली नाही तर पाणी श्वासनलिकेत जाऊन खोकला येतो, तेव्हा घाबरून सोडून देऊ नका, कोन बदला. वाकलेल्या केसांचा ब्रश फेकायचा, साधारण महिन्याला नवा. ब्रश रोज ७० टक्के अल्कोहोलमध्ये १० मिनिटं बुडवून, धुऊन, वाळवून ठेवा.

कापसाची काडी, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन यातलं काही चालणार नाही. कापसाचा धागा सुटून आत गेला तर तो काढायला दुर्बीण लागते. कफाची खपली बोथट चिमट्याने, आधी सलाईनचे थेंब टाकून सैल करून. व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल स्टोमाच्या आत लावू नका. तेलकट पदार्थाने सिलिकॉन खराब होतं आणि तो चिकट थर फुप्फुसात ओढला जातो. ओलावा हवा तर पाण्यात विरघळणारं जेल.

मानेवाड्याचे भाऊ, तुमच्या बाबांची गळती कडेची आहे म्हणून ही सफाई सोडू नका. पुढचा व्हॉल्व्ह मधून गळेल तेव्हा कारण बहुधा बुरशीच असेल. कँडिडा झडपेवर पांढरट-पिवळा थर धरते, झडप वाकडी होते, मिटत नाही. व्हॉल्व्ह साधारण ३ ते ६ महिने चालतो असं पुस्तकात असतं, प्रत्यक्षात कित्येकांचा दोनेक महिन्यांतच जातो. बुरशीविरोधी औषध, निस्टॅटिन वगैरे, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. तोंडातली कवळी रोज काढून धुवा आणि रात्री पाण्यात ठेवा. कवळीवरची बुरशीच खाली उतरते.

सीताबर्डी_मेडिकोज

ताक रोज प्यायलं की बुरशी लागत नाही, असं दुकानात बरेच पेशंट सांगतात. हे खरं का?

धरमपेठची_वाचाताई

काही अंशी. हॉलंडमध्ये ताक आणि दह्यातल्या जिवाणूंवर अभ्यास झाले आणि व्हॉल्व्हवरचा थर कमी होतो असं काहींत दिसलं. म्हणून जेवणानंतर घरचं ताक पिण्यात वाईट काही नाही, आपल्याकडे ते तसंही असतंच. पण गळती चालू असताना पातळ ताक म्हणजे तेच खोकल्याला आमंत्रण. ताक घेऊन ब्रश सोडला तर काही मिळणार नाही.

डॉ_हेडनेक

ताकापेक्षा मी ढेकरांकडे आधी बघीन. पोटातलं आम्ल वर आलं की झडप आणि भोक दोन्ही खराब होतात. सावजीच्या रश्श्यात सिलिकॉन खराब करण्यासारखं काही नाही, पण रात्री दहाला सावजी खाऊन आडवं झाल्यावर जे वर येतं ते करतं. जेवण आणि झोप यात तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा. उशा वाढवून उपयोग नाही, पोट दुमडतं. लागेल तर सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी. आणि कडेने गळत असताना तिखट रस्सा श्वासनलिकेत उतरला तर काय होतं ते सांगायला नको.

मानेवाडा_रोड

आवाजाचं राहिलं. जोर लावावा लागतो, तो गळतीमुळेच का? की वेगळं काही?

धरमपेठची_वाचाताई

वेगळं असू शकतं. आधी आवाज कुठून येतो ते. स्टोमा अंगठ्याने बंद केला की फुप्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि घशाच्या तळाचा स्नायूंचा अरुंद भाग थरथरतो. व्हॉल्व्ह स्वतः वाजत नाही, तो फक्त हवेचा एकेरी रस्ता आहे.

तपासायचा क्रम बोटापासून धरा. बहुतेक जण अंगठा इतका दाबतात की व्हॉल्व्हच मागे ढकलला जातो किंवा वरचा तो अरुंद भाग दबतो. अंगठा टेकवायचा, दाबायचा नाही. हवा फुसफुसत बाहेर न जाण्याइतकाच. दुसरं, हवा फार भरून जोरात सोडतात. जितका जास्त रेटा, तितका तो भाग आवळतो. साधा श्वास, मग लांब सैल ‘आ’. तिसरं, साफ केलेला व्हॉल्व्ह. चौथं, माप, जे तुमच्याकडे चुकलेलं दिसतंय: लांब व्हॉल्व्हचं मागचं टोक अन्ननलिकेच्या मागच्या भिंतीला टेकतं आणि हवेचा रस्ता अडतो. त्यामुळे आखूड व्हॉल्व्ह बसल्यावर आवाज आपोआप मोकळा होण्याची चांगली शक्यता आहे.

नाही झाला तर व्हॉल्व्ह बदलताना डॉक्टरांना एक विनंती करा: जुना काढल्यावर, नवा घालायच्या आधी, उघड्या भोकातूनच ‘आ’ म्हणायला लावा. तेव्हा आवाज सहज आला तर दोष व्हॉल्व्हचा. तरीही आवळलेलाच आला तर दोष वरच्या स्नायूंचा. मग त्या भागातल्या नसांना लिडोकेनने बधिर करून बघतात. तेवढ्या वेळापुरता आवाज मोकळा झाला तर स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनने फायदा होतो. सोबत घट्ट घास गिळायलाही त्रास होत असेल तर अन्ननलिका अरुंद झाली आहे का ते आधी पाहायचं. याउलट आवाज फुसका, हवेशीर, ओलसर असेल तर तो भाग सैल आहे. तिथे गळ्यावर बाहेरून दुसऱ्या हाताची बोटं हलकी टेकवून बोलल्याने फरक पडतो.

सरावाबद्दल. ‘आ’, ‘ई’, ‘ओ’ पाच-पाच सेकंद जमले की दोन अक्षरी शब्द, मग एका श्वासात एक ते दहा. पूर्ण वाक्य एका दमात ओढायचा हट्ट नको. ‘मला चहा / साखर कमी / घालून दे’ असे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला अंगठा उचलून श्वास. ‘ह’ जवळजवळ निघत नाही, कारण तो स्वरयंत्रातूनच यायचा. ‘प’ आणि ‘ब’, ‘त’ आणि ‘द’ ऐकणाऱ्याला सारखेच वाटतात. पहिल्या व्यंजनावर ओठ-जीभ जास्त ठसठशीत वापरायला शिकवतो. घरच्यांनी टीव्ही बंद करून, तोंडाकडे बघत ऐकायचं.

एक बोलूनच टाकते. ही पद्धत १९८० मध्ये ज्या दोघांनी मांडली, त्यातले सिंगर हे सर्जन आणि ब्लॉम हे वाचा-उपचारतज्ज्ञ. निम्मं काम सुरुवातीपासून आमच्या खात्याचं आहे. आपल्याकडे मात्र ऑपरेशन होतं, व्हॉल्व्ह बसतो, आणि थेरपिस्टकडे चिठ्ठीच जात नाही. ती मागून घ्या.

सीताबर्डी_मेडिकोज

खर्चाचं बघा. परदेशी व्हॉल्व्हची किंमत पाच आकडी असते, आणि तो वर्षातून दोन-तीनदा तरी लागतो. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होणार असेल तर व्हॉल्व्ह त्या पॅकेजात धरला आहे का, आणि नंतरच्या बदलीचं काय, हे दोन प्रश्न हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) ऑपरेशनच्या आधी विचारायचे. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी तयार केलेला ‘ऑम’ नावाचा व्हॉल्व्ह सुमारे ५० रुपयांचा म्हणून गाजला. तुमच्या डॉक्टरांना तो बसवायचा सराव आहे का ते विचारून ठरवा. व्हॉल्व्ह स्वतः ऑनलाइन मागवू नका. माप चुकलं तर उघडलेलं पाकीट परत होत नाही.

खर्रा_सोडलेला

अंगठा न लावता बोलायचा स्वयंचलित झडपेचा सेटही विकायला येतो. घाम येणाऱ्या दिवसांत त्याची चिकटपट्टी गळ्यावर टिकत नाही, बोलायच्या दाबानं सुटते. घ्यायचाच तर दिवाळीनंतर घ्या, आधी साधा आवाज पक्का होऊ द्या.

मानेवाडा_रोड

सगळ्यांचे आभार. पुढच्या आठवड्यात इथल्याच ओपीडीत वेळ मिळाली, ६ आणि ८ दोन्ही आहेत म्हणाले. फक्त आईचा प्रश्न राहिला.

डॉ_हेडनेक

निघून पडला तर पहिलं काम: तो सापडतोय का बघा. उशी, रुमाल, बनियन. सापडला तर पिशवीत ठेवा, परत आत घालू नका. सापडला नाही आणि जोराचा खोकला, शिट्टीसारखा श्वास, धाप असेल तर तो श्वासनलिकेत गेला आहे. पुढे वाकून जोरात खोकायला सांगा आणि १०८ लावा. त्रास नसेल तरी छातीचा एक्स-रे त्याच दिवशी. अन्ननलिकेत गेला असेल तर बहुधा शौचावाटे निघून जातो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरचं.

दुसरं काम भोक उघडं ठेवणं. ते काही तासांत इतकं आकसतं की पुढचा व्हॉल्व्ह बसत नाही आणि नव्याने भोक पाडावं लागू शकतं. घरात १४ किंवा १६ फ्रेंचचा लाल रबरी कॅथेटर आणि चिकटपट्टी ठेवा. कॅथेटरच्या बाहेरच्या टोकाला गाठ मारून ठेवा, म्हणजे पोटातलं पाणी त्यातून येणार नाही. आतलं टोक पाण्यात विरघळणाऱ्या जेलने ओलं करून स्टोमाच्या मागच्या भिंतीवरच्या भोकातून मागे आणि खाली सरकवायचं, मग बाहेरचा भाग गळ्याच्या कातडीला घट्ट चिकटवायचा. घालताना जोराचा खोकला सुटला तर कॅथेटर श्वासनलिकेत चाललाय, मागे घ्या. जोर लावायचा नाही. न जमल्यास थांबून सरळ हॉस्पिटल गाठा, तोवर तोंडाने काही द्यायचं नाही, लाळही थुंकायची. पुढच्या आठवड्याच्या भेटीत हे आई आणि तुम्ही दोघांनी डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. वाचून करायची ही गोष्ट नाही.

स्टोमा_सिस्टर

आणि एक चिठ्ठी लॅमिनेट करून बाबांच्या खिशात ठेवा, मराठीत अन् हिंदीत: ‘मी फक्त गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्याच्या छिद्राला लावा, नाका-तोंडाला नाही.’ खाली व्हॉल्व्हचं नाव, फ्रेंच, लांबी, बसवल्याची तारीख. नवा बसला की जुना आकडा खोडून नवा लिहायला विसरू नका. रात्री कॅज्युअल्टीतला डॉक्टर तोच आकडा बघून व्हॉल्व्ह शोधणार.